वेबसाइट ‘वर आणण्याचा’ खर्च: कशाचे पैसे द्यावेत, कशाचे नाहीत

“तीन महिन्यांत गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो. वीस कीवर्ड, पाचशे बॅकलिंक, चार ब्लॉग. दरमहा १५,००० अधिक जीएसटी.” ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे अशा छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲपवर असा निरोप कधी ना कधी येतोच. गुहागरला घरगुती निवास चालवणारे असोत, नाशिकला क्लास घेणाऱ्या बाई असोत की कोल्हापुरातून मसाले कुरियरने पाठवणारं कुटुंब असो, प्रस्ताव तोच आणि शब्दही तेच. हिशेब मांडला तर तीन महिन्यांचे ४५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८,१००, म्हणजे ५३,१०० रुपये. चार खोल्यांच्या निवासाला ही रक्कम उभी करायला किती रात्री पाहुणे लागतात, हे चालवणाऱ्यालाच विचारा.

एवढे पैसे मोजणाऱ्याने ते कशाचे हे विचारायला हवं. पण बॅकलिंक, डीए, ऑथॉरिटी असे शब्द कानावर आदळले की माणूस बिचकतो आणि “तुम्हीच बघा काय ते” म्हणून ॲडव्हान्स देऊन मोकळा होतो. खरं तर या सगळ्यामागचं मूळ गणित शाळेत शिकलेल्या गुणाकार-भागाकाराइतकं सोपं आहे. ते एकदा समजलं की दरपत्रकातली कुठली ओळ पैशाला पुरी पडते आणि कुठली नाही, हे आपलं आपल्याला कळतं. म्हणून आधी मोजमाप, मग दर.

पानाचं वजन ठरतं कसं

सुरुवातीची बहुतेक शोधयंत्रं प्रामुख्याने पानावरचे शब्द पाहत. ‘हॉटेल’ हा शब्द ज्या पानावर जास्त वेळा, ते पान वर. लोकांनी लगेच पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायला सुरुवात केली. या गोंधळातून वाट काढली ती स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी. त्यांचा निबंध १९९८च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन इथल्या परिषदेत मांडला गेला. कल्पना संशोधनाच्या जगातली होती. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर निबंधांत जितका जास्त, तितकं त्याचं महत्त्व जास्त. वेबवर उल्लेखाच्या जागी लिंक आली. त्यांनी त्यात एक मोलाची भर घातली: उल्लेख करणाऱ्याचं स्वतःचं वजन किती, हेही धरायचं. या मोजमापाला पेजरँक म्हणतात.

त्या निबंधातलं सूत्र असं. प्रत्येक पानाला ०.१५ गुण आपोआप मिळतात. त्याखेरीज जे जे पान तुम्हाला लिंक देतं, त्या पानाचे गुण घ्यायचे, त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या एकूण लिंकांनी भागायचे आणि ०.८५ने गुणायचे. येईल तो आकडा तुमच्या खात्यात जमा. हे ०.८५ कुठून आले? एक काल्पनिक माणूस लिंकमागून लिंक दाबत वेबवर फिरतोय असं धरा. शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा तो पुढची लिंक दाबतो, पंधरा वेळा कंटाळून भलतंच कुठलं तरी पान उघडतो. असा माणूस ज्या पानावर जास्त वेळा येऊन पोचेल, ते पान महत्त्वाचं.

आता गुहागरच्या निवासाचं पान घ्या. समजा, कोकण प्रवासावरचं एक नावाजलेलं पान आहे, त्याचे गुण ६ आहेत आणि त्यावरून फक्त तीन लिंका बाहेर जातात. त्यातली एक तुमची. ६ भागिले ३ म्हणजे २, त्याचे ०.८५ पट म्हणजे १.७. एका लिंकेने तुम्हाला १.७ गुण दिले.

दुसरीकडे, लिंका विकण्यासाठीच तयार केलेलं पान पाहा. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, म्हणून त्याचे गुण मूळचे ०.१५च. वर त्याच्यावर शंभर गिऱ्हाइकांच्या शंभर लिंका. ०.१५ भागिले १००, गुणिले ०.८५. उत्तर ०.००१२७५. अशा पाचशे बॅकलिंका, म्हणजे दुसऱ्या पानांवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका, घेतल्या तरी सगळ्या मिळून ०.६३७५ गुण होतात, म्हणजे त्या एका चांगल्या लिंकेच्या निम्मेही नाहीत. तिची बरोबरी करायला अशा १,३०० हून अधिक लिंका लागतील. हे झालं १९९८च्या निव्वळ सूत्राने. आजची यंत्रणा असल्या लिंका ओळखून बहुतेकदा मोजतच नाही, म्हणजे पाचशेंची किंमत शून्य.

प्रत्यक्षात प्रत्येक पानाचे गुण इतर पानांच्या गुणांवर अवलंबून असल्यामुळे हा हिशेब एका झटक्यात होत नाही. आकडे स्थिरावेपर्यंत तो सगळ्या पानांवर पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. पण सौदा करणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट वरच्या दोन भागाकारांतच आली आहे. लिंकांच्या संख्येपेक्षा त्या कुणाकडून आल्या, आणि देणाऱ्याने आणखी किती जणांना वाटल्या, यावर गुण ठरतात. या पद्धतीचं पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर होतं. ते वापरू देण्याच्या बदल्यात विद्यापीठाला गुगलचे शेअर मिळाले आणि पुढे त्यांच्या विक्रीतून ३३.६ कोटी डॉलर आले.

आकडा दिसला आणि बाजार भरला

डिसेंबर २०००मध्ये गुगलने ब्राउझरवर बसवायची एक पट्टी दिली. तिच्यात उघडलेल्या पानाचा पेजरँक शून्य ते दहा असा हिरव्या रेषेने दिसे. आकडा दिसल्याबरोबर त्याचा भाव फुटला. सात गुणांच्या पानावरची लिंक अमुक डॉलर, चार गुणांची तमुक, असे सौदे उघड होऊ लागले. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या सर्च किंग नावाच्या कंपनीने तर जास्त गुणांच्या साइटींवरच्या जाहिरात-लिंकांची दलालीच सुरू केली. तिचे गुण घसरले, तेव्हा २००२मध्ये ती गुगलविरुद्ध कोर्टात गेली. २००३मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने दावा फेटाळला. पानाचे गुण हे गुगलचं मत आहे आणि मत बाळगण्याला अमेरिकी राज्यघटनेचं संरक्षण आहे, असं न्यायालयाने म्हटलं. ज्या स्थानावर खुद्द पानाच्या मालकालाही दावा सांगता आला नाही, त्याची हमी तिऱ्हाईत एजंट कशाच्या जोरावर देतो, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाने विचारण्यासारखा आहे.

त्यानंतर गुगलने बंदोबस्त वाढवत नेला. २००५मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली. लिंकेवर ती असली की त्या लिंकेचं वजन धरू नका असा इशारा मिळतो. विकिपीडियावरून बाहेर जाणाऱ्या लिंकांवर ही खूण असते, त्यामुळे ‘विकिपीडिया बॅकलिंक’ म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्याला तिथेच थांबवा. पैसे देऊन घेतलेल्या लिंकांसाठी २०१९मध्ये ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी खूण आली. एप्रिल २०१२मध्ये पेंग्विन नावाचा मोठा बदल झाला आणि विकत घेतलेल्या लिंकांवर उभ्या असलेल्या असंख्य साइटी खाली गेल्या. हिरवी पट्टी २०१६मध्ये कायमची बंद झाली.

शिक्षा होते ती साइटीच्या मालकाला, एजंटाला नाही. याचं गाजलेलं उदाहरण जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीचं. २०११च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की, काहीही संबंध नसलेल्या हजारो पानांवर या दुकानाच्या लिंका पेरलेल्या होत्या. गुगलने कारवाई करताच एका प्रकारच्या प्रवासी बॅगेच्या शोधात पहिल्या क्रमांकावर असलेलं हे दुकान त्याच संध्याकाळी एकाहत्तराव्या क्रमांकावर गेलं. आपल्याला याची कल्पना नव्हती, असं सांगून दुकानाने आपल्या सल्लागार कंपनीला काढून टाकलं. त्याने साइट लगेच वर आली नाही.

हिरवी पट्टी गेल्यावर रिकाम्या जागी ‘डीए’ आला. डोमेन ऑथॉरिटी हा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा १ ते १०० असा अंदाजी आकडा आहे. अहरेफ्स, सेमरश यांचेही असेच आपापले आकडे आहेत. दोन साइटींची तुलना करायला ते उपयोगी पडतात, पण गुगल यातला एकही आकडा वापरत नाही. “तुमचा डीए ८ वरून २५ करून देतो” या कामाचा शोधातल्या जागेशी थेट संबंध नाही. शिवाय जुनी, सोडून दिलेली डोमेनं घेऊन तुमच्याकडे वळवली की हा आकडा फुगवता येतो. गिऱ्हाईक मात्र एकही वाढत नाही.

आज पेजरँक गुगलच्या मूळ यंत्रणेचा भाग आहेच, पण अनेक घटकांपैकी एक म्हणून. शोधणाऱ्याने काय विचारलं, कुठून विचारलं, पान त्या प्रश्नाचं उत्तर देतं का, मजकूर ताजा आहे का, हे सगळं धरलं जातं. अमेरिकी सरकारने गुगलवर चालवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३मध्ये गुगलच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याने साक्ष दिली. नॅवबूस्ट नावाची यंत्रणा गेल्या १३ महिन्यांतले क्लिक लक्षात ठेवून कुठल्या शोधाला लोक कुठला निकाल निवडतात हे पाहते, असं त्यात पुढे आलं. तेव्हापासून ‘क्लिक वाढवून देतो’ असंही पॅकेज विकायला निघालं आहे. खोटे क्लिक हासुद्धा विकत घेतलेल्या लिंकांसारखाच प्रकार, त्याला एक रुपयाही देऊ नका.

दरपत्रक ओळीओळीने

आता सुरुवातीचं ते पॅकेज समोर ठेवू.

‘वीस कीवर्ड पहिल्या पानावर.’ कुठले वीस? एजंटाने निवडलेले असतील तर यादी लेखी मागा. “गुहागर हॉटेल” असं टाइप करणारे पुष्कळ असतील. “गुहागर समुद्राजवळ कुटुंबासाठी शाकाहारी घरगुती निवास असगोली रस्ता” असं टाइप करणारं कुणीच नसतं, त्यामुळे त्या शब्दांवर पहिला नंबर कुणालाही मिळवता येतो. तुमच्या स्वतःच्या निवासाचं नाव यादीत असेल तर तेही काढून टाका, त्यावर तुम्ही बहुधा आधीच वर असता. किती लोक काय शोधतात याचा अंदाज गुगल ॲड्सच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये मिळतो. ‘पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही’ हे खुद्द गुगलने आपल्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवलं आहे. हमीच्या ओळीला शून्य रुपये.

‘पाचशे बॅकलिंक.’ गणित वर आलंच आहे. असे ढीग सुटे घेतले तर काही हजारांत मिळतात, म्हणजे लिंकेला पाच-दहा रुपये. फायदा शून्य, धोका तुमचा. ‘डीए ५०+ गेस्ट पोस्ट’, म्हणजे दुसऱ्याच्या साइटीवर लेख देऊन त्यात घेतलेली लिंक, हा याचाच महाग प्रकार. एकेका लिंकेला दोन-तीन हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत मागितले जातात. गुगलच्या नियमांत रँकसाठी लिंक विकत घेणं आणि विकणं दोन्ही बसत नाही. जाहिरात म्हणून एखाद्या चांगल्या साइटीवर पैसे देऊन लेख द्यायचा असेल तर अवश्य द्या, वाचक येतील. फक्त त्या लिंकेवर ‘स्पॉन्सर्ड’ खूण घालायला सांगा आणि त्याला जाहिरातखर्च समजा.

‘डिरेक्टरी सबमिशन, सोशल बुकमार्किंग.’ वीस वर्षांपूर्वीच्या याद्यांतली ही कामं अजून दरपत्रकात फिरत आहेत. जिथे खरी माणसं गिऱ्हाइकी करायला येतात अशा दोन-चार ठिकाणीच नोंद ठेवा, आणि ती स्वतः करा. तासाभराचं काम आहे.

‘चार ब्लॉग.’ इथे मात्र थांबून पाहायला हवं, कारण खरी मेहनत इथेच असते. आठशे-हजार शब्दांचा, माहिती गोळा करून लिहिलेला मराठी लेख दीड-तीन हजारांना मिळाला तर तो दर योग्य आहे. अट एकच, लिहिणाऱ्याने तुम्हाला फोन करून प्रश्न विचारले पाहिजेत. ‘गुहागर हे महाराष्ट्रातील एक सुंदर पर्यटनस्थळ आहे’ असं सुरू होणारे, यंत्राकडून घाऊक काढलेले लेख दोनशे रुपयांतही महाग. अशा घाऊक मजकुराविरुद्ध गुगलने मार्च २०२४मध्ये नियम कडक केले.

लेख कसा हवा, ते सांगतो. दापोलीकडून गाडीने गुहागरला यायचं तर दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने खाडी ओलांडता येते. पहिली फेरी किती वाजता, शेवटची किती वाजता, गाडीचे किती पैसे, गर्दीच्या दिवसांत रांग कितपत लागते, बोट चुकली तर रस्त्याने किती वळसा पडतो, रेल्वेने यायचं तर चिपळूणला उतरून पुढे काय. हे सगळं एका पानावर नीट लिहा, जेट्टीचा स्वतः काढलेला फोटो लावा, वेळा बदलल्या की पान सुधारा. असं पान प्रवासी एकमेकांना पाठवतात, प्रवासावर लिहिणारे त्याला आपणहून लिंक देतात. पेजरँकला जी लिंक हवी असते ती हीच. बंदरावर जाऊन एकदा चौकशी करायची आणि एक संध्याकाळ बसून लिहायचं, एवढाच त्याचा खर्च. मसालेवाल्यांनी मिरच्यांच्या जाती आणि तिखटपणावर लिहावं, क्लासवाल्या बाईंनी शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीवर. जे तुम्हाला रोजच्या कामातून माहीत आहे आणि दुसऱ्या कुणी नीट लिहिलेलं नाही, ते लिहा. पाचशे बॅकलिंकांच्या पैशांत असे कितीतरी लेख होतात, आणि ते वर्षानुवर्षं तुमच्याच मालकीचे राहतात.

‘मासिक रिपोर्ट.’ रिपोर्टमध्ये डीएचे आलेख असतील तर परत पाठवा. गुगलच्या सर्च कन्सोल या साधनातले आकडे मागा: कुठल्या शब्दांना पान किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं. त्याच्या शेजारी तुम्ही तुमचा आकडा लिहा, महिन्यात साइट पाहून किती फोन आले. ही जोडी जुळत नसेल तर काम नीट होत नाहीये.

जे फुकट आहे ते आधी

सर्च कन्सोल गुगलकडून मोफत मिळतं. डोमेनच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकून मालकी सिद्ध करायची, की तुम्हाला कोण लिंक देतं त्याची यादीही तिथे दिसते. गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशात दिसणारी दुकानाची नोंद, तीही मोफत. स्थानिक धंद्याला वेबसाइटपेक्षाही ती जास्त उपयोगी पडते. तिथला क्रम ठरतो तो शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टींवर. “गुगलकडून बोलतोय, तुमची नोंद बंद होणार आहे, रिन्यूअलचे चार हजार भरा” असा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे, कारण या नोंदीला फीच नसते. गिऱ्हाइकाला रिव्ह्यू लिहायची विनंती जरूर करा, पण पैसे किंवा सवलत देऊन रिव्ह्यू मिळवणं नियमात बसत नाही.

पानाचा वेग पेजस्पीड इनसाइट्सवर फुकट तपासता येतो. मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. खोल्यांचे पाच-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवल्यामुळे बहुतेक साइटी रखडतात. फोटो लहान करा, निम्मं काम होतं. https साठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळतं, अनेक होस्टिंगवाले ते लावूनही देतात, तेव्हा त्याचे वेगळे दोन हजार लावलेले दिसले तर विचारा.

मराठी साइटींचं एक जुनं दुखणं आहे, त्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. दर, जेवणाचा मेन्यू, पत्ता, सगळं पोस्टरच्या चित्रात छापलेलं असतं. शोधयंत्र चित्रातला मजकूर वाचेल यावर विसंबून राहू नका, तोच मजकूर युनिकोडमध्ये पानावर लिहा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तशीच चिकटवली तर यंत्राला ती इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग दिसते, तेव्हा आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. आपल्याकडचे लोक देवनागरीत, रोमन लिपीत आणि इंग्रजीत असे तिन्ही प्रकारे शोधतात, म्हणून निदान नाव, गाव आणि सेवा इंग्रजीतही द्या. याला पैसे लागत नाहीत, आणि असंख्य पॅकेजांपेक्षा याचा फरक जास्त पडतो.

मग पैसे कशाला द्यावेत

दहा-वीस पानांच्या छोट्या साइटीची एकदाची तांत्रिक तपासणी आणि दुरुस्ती आठ ते पंचवीस हजारांत व्हायला हवी. यात तुटलेल्या लिंका, मोबाइलवरचा त्रास, शीर्षकं आणि शोधयंत्राला चुकून लावलेले अडथळे हे सगळं आलं पाहिजे, आणि काय सापडलं, काय केलं याची लेखी यादी मिळाली पाहिजे. त्यानंतर मजकुरासाठी महिन्याला तीन ते सहा हजार बाजूला ठेवले तर छोट्या धंद्याला पुरे. डोमेनला वर्षाला साधारण सातशे ते दीड हजार आणि साध्या होस्टिंगला दोन ते सहा हजार. पहिल्या वर्षी स्वस्तात देऊन दुसऱ्या वर्षी दुप्पट घेण्याची पद्धत सर्रास आहे, म्हणून नूतनीकरणाचा दर आधी विचारा. लिंका तपासायची मोठी साधनं महिन्याला शंभर डॉलरच्या वर पडतात, त्यांची तुम्हाला गरज नाही. अहरेफ्स स्वतःच्या साइटीपुरती मोफत पाहू देतं.

घाई असेल, दिवाळीच्या सुट्टीतल्या खोल्या भरायच्या असतील, तर जाहिरात द्या. रोज ३०० रुपयांची मर्यादा घातली तर महिन्याला ९,००० आणि वर जीएसटी. क्लिक झाला तरच पैसे कापले जातात आणि कधीही थांबवता येतं. जाहिरात दिल्याने खालच्या फुकट निकालातली जागा सुधारते, असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. गुगल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतं. आणि फुकट निकालात फरक दिसायला चार महिने ते वर्ष लागू शकतं, हाही गुगलचाच अंदाज. तीन महिन्यांचं पॅकेज म्हणूनच सोयीचं असतं, पण ते पैसे घेणाऱ्याच्या सोयीचं. फरक दिसायच्या आत ते संपतं आणि नव्या हप्त्याची मागणी येते.

करारात काय हवं? डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर असलं पाहिजे, यात तडजोड नको. होस्टिंग, सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल यांचे मुख्य मालक तुम्ही, एजन्सीला फक्त कामापुरता ॲक्सेस. अनेकांची साइट एजंटाच्या नावावर नोंदलेली असते, आणि त्याच्याशी बिनसलं की नाव सोडवायला तो मागेल ती रक्कम द्यावी लागते. ‘पैसे देऊन कुठलीही लिंक घेतली जाणार नाही’ ही ओळ करारात घाला. ती घालायला जो कचरतो त्याला काम देऊ नका. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. जीएसटी आकारला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक पाहा. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल आणि त्याने नोंदणी केलेली नसेल, तर त्याला जीएसटी लावताच येत नाही. तुम्ही स्वतः नोंदणीकृत असाल तर भरलेल्या कराची वजावट सहसा मिळते, तेव्हा बिल जपा.

यापूर्वी कुणी तुमच्या साइटीसाठी लिंका घेतल्या असतील तर सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन’ या नावाखाली काही आलंय का ते आधी पाहा. आलं नसेल तर शांत राहा, जुन्या कचऱ्याकडे गुगल बहुधा दुर्लक्ष करतं. लिंका नाकारण्याचं एक साधन २०१२पासून आहे, पण कारवाई झाली नसताना ते वापरायला दहा-वीस हजार मागणाऱ्यापासून लांब राहा, चुकून चांगली लिंकही नाकारली जाते.

फसवणूक झालीच, तर एक अडचण लक्षात ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार व्यावसायिक कारणासाठी सेवा घेणाऱ्याला ‘ग्राहक’ या व्याख्येतून वगळलं आहे. त्यामुळे धंद्याच्या वेबसाइटीची तक्रार ग्राहक आयोगापुढे टिकेल की नाही यावर आधी वकिलाशी बोला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर प्राथमिक सल्ला मिळतो. करार, बिलं, व्हॉट्सॲपवरची आश्वासनं आणि काम सुरू होण्याआधीचे सर्च कन्सोलचे आकडे, हे सगळं जपलेलं असेल तर वकिलाच्या नोटिशीलाही धार येते आणि अनेकदा तेवढ्यावर पैसे परत मिळतात. गुगलचं नाव सांगून कुणी फोनवर पैसे काढून घेतले असतील तर ते सायबर गुन्ह्यात मोडतं. तिथे वाट पाहू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.